शाळेच्या जुन्या कॉम्प्युटर लॅबमध्ये लिनक्स टाकायचंय? पहिल्या मशीनपासून शेवटच्या मशीनपर्यंत

लालबागच्या ज्या मराठी शाळेत मी शिकले तिथली कॉम्प्युटर लॅब तिसऱ्या मजल्यावर आहे. चौदा मशीन, प्रत्येकावर शिवणाच्या बाईंनी शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर, आणि दाराला कुलूप. कुलूप का, तर चालू करून करणार काय, एकेक मशीन उघडायलाच आठ-दहा मिनिटं घ्यायचं, तासिका पस्तीस मिनिटांची, मुलांचा नंबर येईपर्यंत घंटा व्हायची. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. मुदतवाढीचे मार्ग आहेत पण ते तात्पुरते, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीच्या पुढचा लागतो, तो आमच्या मशीनमध्ये कुठून असणार. सगळ्यांचं ठरत आलं होतं की भंगारात काढूया. आज त्या चौदातली बारा चालतात आणि पाचवीची मुलं त्यावर मराठी टाईप करतात. मी शनिवारी-शनिवारी जाऊन हे केलं, काही गोष्टी दोनदा कराव्या लागल्या, तेव्हा तुम्हाला दोनदा करायला लागू नयेत म्हणून सगळं क्रमाने लिहितेय. कॉम्प्युटरची डिग्री लागत नाही, पेनड्राईव्ह लावता येतो एवढं पुरे.

लिनक्स म्हणजे काय हे थोडक्यात. विंडोज जसं कॉम्प्युटर चालवतं तसंच हेही चालवतं. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने त्याचा गाभा लिहायला घेतला, आणि त्याच्याही आधी १९८३ पासून रिचर्ड स्टॉलमन यांचा ग्नू प्रकल्प चालू होता, ते दोन्ही मिळून आजचं हे सगळं उभं आहे. त्याचा कोड कोणीही वाचू शकतं, बदलू शकतं, वाटू शकतं. आपल्यासाठी महत्त्वाचं हे की एकदा डाउनलोड केलं की चौदा मशीनवर टाका नाहीतर एकशे चाळीसवर, सगळं कायदेशीर, लायसन्सचे पैसे नाहीत, ॲक्टिव्हेशनची की नाही, दरवर्षीचं बिल नाही. आणि एक गोष्ट मला मनापासून वाटते, शाळेत क्रॅक केलेलं विंडोज नसावं. कोपऱ्यात ते ॲक्टिव्हेट करा असं लिहिलेलं मुलं रोज बघतात आणि हे असंच चालतं असं शिकतात, ते आपण शाळेत शिकवू नये.

हे फक्त हौशी लोकांचं काम आहे असंही समजू नका. केरळमध्ये २००१ साली आयटी ॲट स्कूल प्रकल्प सुरू झाला, पुढे त्याचं काईट झालं, आणि तिथल्या सरकारी शाळांतली मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवरच शिकतायत, त्यांची स्वतःची काईट ग्नू लिनक्स आहे, उबुंटू नावाच्या लिनक्सवर बेतलेली. आपल्या केंद्र सरकारच्या सी-डॅक ह्या संस्थेने बॉस लिनक्स बनवलंय आणि शाळांसाठी एज्युबॉस. म्हणजे मुख्याध्यापक बाईंनी विचारलं की हे कोण वापरतं, तर सांगायला उत्तर आहे.

पहिलं काम : वही घेऊन लॅबमध्ये बसा

काहीही टाकायच्या आधी प्रत्येक मशीनला नंबर द्या, सेलोटेप आणि मार्कर पुरेसं आहे, आणि वहीत लिहा, प्रोसेसर कोणता, रॅम किती, हार्डडिस्क किती, ६४ बिट आहे की ३२ बिट. विंडोज चालू होत असेल तर सेटिंगमध्ये सिस्टिम आणि मग अबाउट, तिथे बाकी सगळं दिसतं, हार्डडिस्क किती ते सिस्टिममधल्याच स्टोरेजमध्ये. विंडोज चालूच होत नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये दिसतं.

अजिबात चालू न होणारं मशीन लगेच मेलं असं समजू नका. मुंबईची हवा दमट, लॅब पावसाळाभर बंद, रॅमच्या पट्टीवर काळपट थर येतो आणि मग मशीन फक्त बीप-बीप करतं, स्क्रीन काळी. मेन स्विच बंद करा, वायर काढा, कॅबिनेटच्या लोखंडाला एकदा हात लावा, रॅम काढून तिच्या सोनेरी दातांवर साधं पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, चुरा झटका, परत दोन्ही बाजूला टक्क आवाज येईपर्यंत बसवा. आमची तीन मशीन नुसत्या खोडरबरने उठली, शिपाई काका बाजूला उभे राहून बघत होते, चौथं त्यांनी स्वतः केलं.

दुसरं म्हणजे बटन सेल. मे महिन्याच्या सुट्टीनंतर मशीन दरवेळी एफ १ दाबा म्हणून अडतं, तारीख भलत्याच वर्षाची दाखवतं, आणि तारीख चुकीची असली की वेबसाईट उघडत नाहीत, कनेक्शन सुरक्षित नाही म्हणतात. लोक बिचारे इंटरनेटवाल्याला फोन करत बसतात. मदरबोर्डवरचा तो रुपयाच्या नाण्यासारखा सेल असतो, सीआर २०३२, घड्याळवाल्याकडेही मिळतो, तो बदला की झालं.

रॅम २ जीबी असेल तर चालेल पण कुरकुर करेल, ४ जीबीला बरं चालतं, ८ असेल तर सोनंच. पैसे थोडे असतील आणि एकच गोष्ट घेता येत असेल तर मी म्हणेन जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क घाला, फरक डोळ्याला दिसतो, आठ मिनिटांचं काम मिनिटाच्या आत. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलात की रॅम, एसएसडी, सेल सगळं एका गल्लीत मिळतं, फक्त जाताना जुनी रॅमची पट्टी सोबत न्या, कारण डीडीआर ३ आणि डीडीआर ४ ची खाच वेगवेगळ्या जागी असते, चुकीची घेतलीत तर बसतच नाही. दोन-तीन दुकानांत विचारा आणि शाळेसाठी हवंय सांगून शाळेच्या नावाने पक्कं बिल घ्या, ऑडिटला लागतं.

कोणतं लिनक्स घ्यायचं

इथे नवीन माणूस अडकतो कारण शेकडो नावं आहेत. मी सरळ सांगते, लिनक्स मिंट घ्या, त्यातलं एक्सएफसीई एडिशन. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, विंडोज वापरलेल्या बाईंना दहा मिनिटांत हात बसतो. हलकं आहे. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत म्हणजे आज पाचवीत असलेलं पोर आठवीत जाईपर्यंत आपल्याला परत हे करायला नको. मशीन चांगली असतील तर एज्युबुंटू बघा, त्यात शाळेची सॉफ्टवेअर आधीच भरलेली असतात. नॉर्वेत सुरू झालेलं डेबियन एज्यु पण आहे, स्कोलेलिनक्स म्हणतात त्याला, पण ते अख्खी लॅब एका सर्व्हरवर चालवायची असेल तर, पहिल्या वेळी त्या फंदात पडू नका. मशीन ३२ बिट असेल तर मिंट चालणार नाही, तिथे अँटीएक्स टाकून बघा.

सगळ्या लॅबमध्ये एकच लिनक्स टाका. प्रत्येकाला आवडेल ते वेगळं टाकलं की शिकवणाऱ्या बाईंचे हाल होतात.

पेनड्राईव्ह बनवणे आणि न टाकता चालवून बघणे

मिंटच्या साईटवरून आयएसओ फाईल, म्हणजे अख्खं मिंट एका फाईलमध्ये, ती उतरवा, ३ जीबीच्या आसपास असते, शाळेचं नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर असेल तर घरून उतरवून न्या. साईटवर त्या फाईलचा चेकसम, म्हणजे फाईल पूर्ण उतरली का ते तपासायचा आकडा दिलेला असतो, तो जुळवून घ्या, अर्धवट उतरलेली फाईल असली की इन्स्टॉल मध्येच फसतं आणि दोष कुठे आहे ते कळत नाही. मग ८ जीबीचा पेनड्राईव्ह, त्यातलं सगळं पुसलं जाणार हे लक्षात ठेवा, आणि बलेना एचर किंवा रुफस ह्यातलं एक सॉफ्टवेअर. फाईल निवडा, पेनड्राईव्ह निवडा, एचरमध्ये फ्लॅश आणि रुफसमध्ये स्टार्ट दाबा. फाईल नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही, हे विचारणारे बरेच जण भेटलेत म्हणून लिहिलं.

आता पेनड्राईव्ह लावून मशीन सुरू करा आणि पहिल्या सेकंदापासून बूट मेनूची की टकटक दाबत रहा, डेल आणि लेनोव्होला बहुतेक एफ १२, एचपीला एफ ९, असेंबल केलेल्या मशीनला एफ ८, एफ ११ किंवा एफ १२. यादीत पेनड्राईव्ह निवडला की मिंट पेनड्राईव्हवरूनच चालू होतं, हार्डडिस्कला हात लागत नाही. ह्याला लाईव्ह मोड म्हणतात आणि माझ्या मते सगळ्या कामात ही पायरी सगळ्यात मोलाची, कारण काहीही न पुसता खरं-खोटं कळतं.

लाईव्ह मोडमध्ये घाई करू नका, अर्धा तास द्या. आवाज येतो का. वायफायचा तो छोटा डोंगल ओळखला का, काही डोंगल लिनक्सला लगेच कळत नाहीत, तिथे सरळ केबल टाकलेली बरी. प्रोजेक्टर लावून बघा. प्रिंटर लावून एक पान काढून बघा, एचपीचे बहुतेक प्रिंटर आपोआप चालतात, आमच्याकडचा एक जुना लेझर प्रिंटर मात्र काही केल्या ऐकेना, दोन शनिवार गेले, शेवटी तो ऑफिसला ठेवला आणि लॅबला दुसरा घेतला. ब्राउझरमध्ये दीक्षा ही अभ्यासाची सरकारी साईट उघडा, बालभारतीचं पुस्तक पीडीएफमध्ये उघडा, जोडाक्षरं नीट दिसतात ना बघा. आणि हे बघताना मुख्याध्यापक बाईंना खुर्चीवर बसवा आणि माऊस त्यांच्या हातात द्या, आपण बाजूला उभं राहायचं.

ऑफिसच्या मशीनला हात लावू नका

हे ठळक अक्षरात समजा. क्लार्क सरांचं मशीन, जिथून पगारबिलं जातात, सरल आणि यूडायस ह्या सरकारी पोर्टलवर शाळेची माहिती भरली जाते, दाखले छापले जातात, ते आहे तसं राहू दे. पोर्टल ब्राउझरमध्ये चालतात हे खरं, पण डिजिटल सहीचा टोकन, अंगठ्याचं मशीन, जुना स्कॅनर ह्यांचे ड्रायव्हर कधीकधी फक्त विंडोजचेच असतात. मार्चमध्ये पगार अडकला तर लिनक्सचं नाव शाळेत कायमचं जाईल. लॅब आपली, ऑफिस त्यांचं, वर्षभर लॅब नीट चालली की ते आपणहून विचारतात.

लॅबच्या मशीनमधलं सुद्धा सगळं आधी बाहेरच्या हार्डडिस्कवर काढा, स्नेहसंमेलनाचे फोटो, जुने निकाल, प्रश्नपत्रिका. प्रश्नपत्रिकांचं एक वेगळं सांगायचंय. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या बऱ्याच फाईली जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतात, तो फॉन्ट नसेल तर उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. तेव्हा विंडोज जिवंत आहे तोवर त्या सगळ्या फाईली उघडून पीडीएफ करून ठेवा. मी हे उशिरा केलं आणि गणिताच्या सरांच्या काही फाईलींसाठी परत दुसऱ्याच्या मशीनवर जाऊन बसावं लागलं.

इन्स्टॉल

लाईव्ह मोडमध्ये डेस्कटॉपवर इन्स्टॉल लिनक्स मिंट असं चिन्ह असतं. भाषा विचारतं, त्यात मराठी आहे, मराठी निवडलं तर मेनूसुद्धा बराचसा मराठीत येतो. आमच्याकडे बाईंनी इंग्रजीच ठेवायला सांगितलं कारण पुस्तकात फाईल, एडिट असेच शब्द आहेत, तुमच्या शाळेत विचारून ठरवा. मल्टिमीडिया कोडेकची टिक करा, नाहीतर काही व्हिडिओ चालणार नाहीत. मग इरेज डिस्क अँड इन्स्टॉल, म्हणजे विंडोज जाईल आणि सगळी डिस्क मिंटला मिळेल. विंडोजच्या बाजूला बसवायचा पर्याय पण आहे, पण शाळेत दोन-दोन ठेवले की अर्धी मुलं इकडे अर्धी तिकडे, मी तरी नको म्हणेन. नकाशात कोलकाता निवडा, भारताची वेळ तीच. युजरचं नाव शिक्षक असं काहीतरी ठेवा आणि पासवर्ड दोनच माणसांकडे. वीस-तीस मिनिटं लागतात, जुन्या डिस्कवर जास्त. यूपीएस नसेल तर लाईट जाण्याची वेळ टाळा.

झालं की अपडेट मॅनेजर उघडून सगळं अपडेट करा. मग टाईमशिफ्ट उघडून एक स्नॅपशॉट घ्या, काही बिघडलं तर सिस्टिम त्या दिवसावर परत नेता येते. त्यानंतर विद्यार्थी नावाचं दुसरं खातं बनवा, ॲडमिनिस्ट्रेटर नाही, स्टँडर्ड. मुलं त्यातूनच बसतील, वॉलपेपर बदलतील, आयकॉन हलवतील, बदलू द्या, सिस्टिमला काही होत नाही. लॉगिन विंडोच्या सेटिंगमध्ये गेस्ट सेशन पण चालू करता येतं, मूल लॉगआउट झालं की सगळं साफ, पण त्यात मुलाने काढलेलं चित्रही जातं, म्हणून ते फक्त पहिली-दुसरीसाठी.

एक फायदा मला आधी सुचलाच नव्हता. पेनड्राईव्ह लावला की सगळे फोल्डर शॉर्टकट होऊन बसायचे तो व्हायरस आठवतो ना, शाळेच्या लॅबमध्ये तर घर करून होता. तो विंडोजसाठी लिहिलेला, इथे चालत नाही. फक्त तोच पेनड्राईव्ह पुढे ऑफिसच्या विंडोजमध्ये गेला तर तिथे त्रास देऊ शकतो, म्हणून आधी लॅबमध्ये उघडून ती नको ती फाईल काढून टाका.

मराठी टायपिंग, ह्याला वेळ द्या

कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट टॅबवर जा, सिस्टिम डिफॉल्टची टिक काढा, ॲड दाबा आणि भारतीय लेआउटमध्ये मराठी इनस्क्रिप्ट शोधा. बदलायची की पण तिथेच ठरवा, आम्ही दोन्ही शिफ्ट एकत्र ठेवलं.

शिक्षकांना फोनवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय असते, त्यांच्यासाठी मराठी कागपा फोनेटिक लेआउट आहे, तो चालेल. पण मुलांना इनस्क्रिप्टच शिकवा असा माझा आग्रह आहे. ह्यात स्वर, काना, मात्रा, वेलांट्या डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, आणि जोडी शिफ्टमध्ये, के दाबला की क, शिफ्ट के म्हणजे ख, आय म्हणजे ग, शिफ्ट आय घ. बाराखडी येणाऱ्या मुलाला ही रचना पटकन कळते, आपल्यालाच वेळ लागतो. मी पहिल्या दिवशी फळ्यावर फक्त शाळा हा शब्द घेतला. शिफ्ट धरून एम म्हणजे श, इंग्रजी ई म्हणजे काना, शिफ्ट धरून एन म्हणजे ळ, परत इंग्रजी ई. एका मुलीने ते केलं, स्क्रीनकडे बघितलं, आणि तिने पुढे स्वतःच शोधून शिफ्ट ई आणि शिफ्ट आर दाबून आई लिहिलं. तिला घरी फोनवर मराठी दिसत होतं पण कीबोर्डवरून मराठी येतं हे माहीतच नव्हतं. त्या तासाला दुसरं काही झालं नाही, सगळ्यांनी आपापल्या आईचं नाव लिहिलं.

लिबरऑफिस, म्हणजे वर्ड-एक्सेलसारखं मोफत सॉफ्टवेअर, मिंटमध्ये आधीच असतं. त्यात एक गोष्ट नक्की करा, टूल्स, ऑप्शन्स, मग लँग्वेज, तिथे कॉम्प्लेक्स टेक्स्टची टिक लावून मराठी निवडा. देवनागरीचा फॉन्ट इंग्रजीपेक्षा वेगळा सेट होतो, हे माहीत नसलं की माणूस फॉन्ट बदलत राहतो आणि मराठी अक्षर काही हलत नाही. दुसरं, सेव्ह करताना वर्डचाच प्रकार डिफॉल्ट करून ठेवा, म्हणजे बाईंची फाईल घरच्या मशीनवर विनातक्रार उघडेल. मुक्त आणि बालू हे फॉन्ट बसवा, दोन्ही आपल्या मुंबईतल्या 'एक टाईप' ह्या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचे, मोफत वापरता येतात आणि तक्त्यावर छान दिसतात.

काय काय टाकायचं

सॉफ्टवेअर मॅनेजर उघडा, नाव टाका, इन्स्टॉल दाबा, बस. लहान मुलांसाठी जीकॉम्प्री, माऊस धरण्यापासून बेरीज-वजाबाकीपर्यंत शंभराहून जास्त खेळ आहेत. चित्रासाठी टक्स पेंट. विज्ञानाच्या सरांना स्टेलेरियम दाखवा, लालबागच्या आकाशात दिव्यांच्या उजेडामुळे दिसत नाहीत ते तारे प्रोजेक्टरवर दिसतात, आणि कॅल्झियममध्ये अख्खी आवर्तसारणी आहे. गणिताला जिओजेब्रा. कोडिंगसाठी स्क्रॅचसारखंच टर्बोवार्प, नेटशिवाय चालतं. आणि नेटच नसेल तर किविक्स, त्यात मराठी विकिपीडिया एकदा उतरवून ठेवला की लॅबमध्ये बिनइंटरनेटचा वाचता येतो. सगळं पहिल्याच दिवशी टाकू नका, तीन-चार गोष्टी द्या, मुलांनी त्यात मुरू दे.

शिक्षकांसाठी एपॉप्टिस, बाईंच्या मशीनवर सगळ्या मुलांच्या स्क्रीन छोट्या चौकटीत दिसतात, सगळ्यांच्या स्क्रीन एकदम लॉक करता येतात, दिवस संपला की एका क्लिकमध्ये सगळी मशीन बंद. बाईंना लिनक्समधलं सगळ्यात जास्त काय आवडलं तर हे.

शिकायला कुठे जायचं, तर पवईच्या आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे, लिबरऑफिस, लिनक्स, जिओजेब्रा ह्यावर छोटे-छोटे व्हिडिओ, त्यातले बरेच मराठीत, मोफत. अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ आणि अर्ध्यावर आपण करून बघायचं, पद्धतच तशी आहे. आम्ही दर शनिवारी शाळा सुटल्यावर शिक्षकांबरोबर एकच व्हिडिओ करायचो.

उरलेली मशीन

पहिलं मशीन मनासारखं झालं, सगळी सॉफ्टवेअर, फॉन्ट, कीबोर्ड, खाती, आणि आठवडाभर मुलांनी वापरून बघितलं, की मग बाकीच्यांवर परत-परत इन्स्टॉल करत बसू नका. क्लोनझिला नावाचं मोफत साधन आहे, तेही पेनड्राईव्हवरूनच चालतं, तयार मशीनची प्रतिमा बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्यायची आणि एकेका मशीनवर उतरवायची. इथे माझी चूक तुम्ही करू नका, पहिलं मशीन ज्याची डिस्क सगळ्यात लहान आहे तेच निवडा. मी ५०० जीबीवर सगळं तयार केलं आणि ती प्रतिमा २४० जीबीच्या एसएसडीवर बसेचना, परत पहिल्यापासून. आणि उतरवल्यावर प्रत्येक मशीनचं नाव बदला, लॅब १, लॅब २ असं, नाहीतर एपॉप्टिसमध्ये सगळी एकाच नावाने दिसतात.

शेवटी दोन कागद. एक भिंतीवर, मोठ्या अक्षरात, चालू कसं करायचं, मराठी-इंग्रजी कसं बदलायचं, बंद कसं करायचं, वायर खेचून नाही. दुसरा मुख्याध्यापकांच्या कपाटात, पाकिटात बंद, शिक्षक खात्याचा पासवर्ड, मिंटचा पेनड्राईव्ह, क्लोनची हार्डडिस्क कुठे आहे ते. तुमची बदली होईल, नोकरी बदलेल, ज्या बाई पुढे लॅब बघणार आहेत त्यांना हे तुम्हाला फोन न करता मिळालं पाहिजे. आठवी-नववीतली दोन-तीन मुलं तयार करा, महिन्यातून एकदा अपडेट त्यांनाच करू द्या, बाईंच्या देखरेखीखाली.

आणि एसएसडी घालताना काढलेल्या जुन्या हार्डडिस्क लगेच फेकू नका. त्यावर मशीनचा नंबर आणि तारीख लिहा, वर्तमानपत्रात गुंडाळून वर्षभर कोरड्या कपाटात ठेवा. आमच्याकडे आठ महिन्यांनी कुणाला तरी २०१४ च्या दहावीच्या बॅचचा ग्रुप फोटो हवा होता, तो सात नंबरच्या डिस्कवर सापडला.